बनुबाईचा नंबर

त्र्याहत्तरच्या चैत्रात रंगनाथ बायकोची राख फडक्यात बांधून कारवीच्या रानातली उभी चढण चढत होता. तीन दिवसांपूर्वी याच वाटेनं उतरताना बनुबाईचा पाय घसरला आणि ती दरीत पडून गेली. गावचा ओढा माघातच आटला होता. तिला कोरड्या वाळूत सोडायचं त्याच्या जिवावर आलं. अकोले तालुक्यातल्या त्या डोंगरांत पाणी उरलं होतं ते फक्त माथ्यावरच्या तळ्यात.

दुपारी तो वर पोचला. तळ्याचं परातीएवढं डबकं झालं होतं. काठावर चार वाड्यांचे हंडे नंबरानं लावलेले होते. हंडा लावून बायका घरी जायच्या आणि दोन-तीन दिवसांनी नंबर आला की भरायला यायच्या. शेजारची साळूबाई वाटीवाटीनं आपला हंडा भरत होती. एक वाटी घ्यायची, गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं, मग दुसरी.

रंगनाथनं फडक्याची गाठ सोडली. काठावरच्या बायकांपैकी नको असं कुणीच म्हणालं नाही. त्यानं पाण्याकडं पाहिलं, हंड्यांच्या रांगेकडं पाहिलं आणि गाठ परत बांधली.

"येतो," म्हणून तो वळला.



साळूबाईनं रांगेतला एक रिकामा हंडा पुढं सरकवला. "थांबा दाजी. त्या दिशी बनुअक्का ह्यो हंडा लावूनच खाली उतरली हुती. आज तिचा नंबर आलाय."