पुढचं डावं चाक

सुखदा गाडीची किल्ली घेऊन खाली आली, तेव्हा गाडीचं पुढचं डावं चाक जागेवर नव्हतं. ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं. गाडी जॅकवर उचललेली, मागच्या चाकांना दगड लावलेले, आणि शेजारी पाटावर तिची सासू शैलजाबाई मांडीवर जुनं फडकं टाकून बसली होती. सकाळचे साडेसहा वाजले होते. अकरा वाजता नरसिंहपूरच्या कॉलेजात सुखदाची मुलाखत होती.

"चाक लावा," सुखदा म्हणाली.

शैलजाबाईंनी मान वर केली नाही. चाक धरून ठेवणारा खालचा सांधा, बॉल जॉइंट, गेलाय, अशा गाडीनं लांब जाता येणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

सुखदाला त्याचं नवल वाटलं नाही. ही नोकरी लागली की ती सहा वर्षांच्या लेकीला, आर्याला, घेऊन नरसिंहपूरला राहायला जाणार, हे घरात ठरल्यासारखंच होतं. नवरा गौरांग रेल्वेत, इटारसीला. त्याला तिथून येणंजाणं सोपं पडणार होतं. रांझीच्या या घरात मागे उरणार होत्या एकट्या शैलजाबाई. दोन महिन्यांपूर्वी अर्ज टाकला, त्या दिवसापासून दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं राहिलं होतं.

गाडी सोळा वर्षांची होती, पण पंधरवड्यापूर्वीच घमापूरच्या मिस्त्रीनं चाकांचं अलाइनमेंट करून गाडी एकदम ठीक असल्याचं सांगितलं होतं. सुखदानं ते ऐकवलं. आज नेमकं काहीतरी निघणार, हे आपल्याला कालच कळायला हवं होतं, हेही ऐकवलं.

"मिस्त्रीनं चाकं सरळ केली. सांधा पाहिला नाही," शैलजाबाई म्हणाल्या. "इथं हात लाव."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं लावला नसता. पण शैलजाबाईंनी तीस वर्षं ट्रकच्या कारखान्यात तपासणीचं काम केलं होतं. त्यांनी पास केल्याशिवाय पुढचा अ‍ॅक्सल जागचा हलत नसे. माणसांबद्दल त्या काहीही बोलत. लोखंडाबद्दल त्या खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

सुखदा साडीच्या निऱ्या सावरत खाली बसली. शैलजाबाईंनी तिचं मनगट धरून हात सांध्यावर नेला. वरची रबरी टोपी फाटली होती आणि आत ग्रीसच्या जागी गंजाची लालसर भुकटी होती. मग त्यांनी खालून सळई अडकवली आणि वर उचलली. सुखदाच्या बोटांखाली सांधा कट् करून हलला. पुन्हा उचलली, पुन्हा हलला.

तिनं हात काढून घेतला. नरसिंहपूरला जाताना भेडाघाटच्या पुढे रस्ता मोकळा लागतो. तिथं ती ऐंशीनं गेली असती. हा गोळा खोबणीतून निसटला की चाक आडवं होतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं, असं शैलजाबाई सांगत होत्या, भाजी निवडता निवडता सांगावं तशा आवाजात. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडाशी या बाईसाठी एक बरा शब्द आला.

तेवढ्यात तिची नजर पाटामागच्या खोक्यावर गेली. खोक्यात नवा कोरा सांधा होता. सकाळी साडेसहाला कुठलंही दुकान उघडं नसतं.

"तुम्हाला कधी कळलं, आई?"

शैलजाबाई सळई पुसत राहिल्या. "रविवारी. गाडी धुताना टायर पाहिला. आतल्या बाजूनं झिजलेला होता."

"आज शुक्रवार आहे."

"हो."

"चार दिवस मी आर्याला याच गाडीनं शाळेत नेऊन सोडते आहे."

"गावात तू तीसच्या वर जात नाहीस. तेवढ्यानं निसटत नाही तो."

"हे नक्की माहीत होतं, की अंदाज होता?"

शैलजाबाईंचे हात थांबले. त्यांनी फडकं मांडीवर ठेवलं, घडी केली, ती पुन्हा मोडली.

सुखदा उठली आणि जिना चढून वर गेली. दहा मिनिटांनी उतरली तेव्हा तिच्या खांद्यावर फाइलची पिशवी होती आणि हाताशी अर्धवट झोपेतली आर्या. फाटकाशी ऑटो येऊन थांबली होती.

शैलजाबाई घाईनं उठल्या. दीड तासात नवा सांधा बसवून देते, तू वेळेत पोचशील, असं म्हणाल्या. सुखदानं ऑटोवाल्याला बस स्टँडवर घ्यायला सांगितलं.

"अन् तिला काहून घेऊन राहिली? तिची शाळा आहे. मुलाखतीला कोणी लेकरू नेतं का? राहू दे तिला माझ्यापाशी."

"चार दिवस तुमच्या अंदाजावरच होती ती," सुखदा म्हणाली आणि आर्याला उचलून आत बसवलं.

आर्याच्या एका सँडलचं बक्कल उघडंच राहिलं होतं. रोज ते आजी लावून देत असे. तिनं सवयीनं पाय बाहेर काढला.

"आजी, लाव ना."

शैलजाबाई पुढे आल्या, वाकल्या आणि तशाच थांबल्या. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले होते. त्यांनी ते पदराला पुसले, पुन्हा पाहिले. सुखदानं मधे हात घालून पोरीचा पाय आत घेतला आणि बक्कल लावलं.

ऑटो वळणावर दिसेनाशी झाली तरी शैलजाबाई हात अंगापासून लांब धरून फाटकातच उभ्या होत्या.