सात टक्क्यांची ऊब

बाबा गेले आणि त्यांच्या तापट अँप्लिफायरच्या जागी लेकीने स्वतः बनवलेला मांडला. यातले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत, म्हणून तापायचं नावच नाही. तरी मीटर म्हणे, सात टक्के वीज वाया. वाया म्हणजे उष्णता. ती गेली कुठे? तिने सगळी खोली चाचपली. बाबांची रिकामी खुर्ची कोमट लागली. "आई, इथे कोण बसलं होतं?" "हेच असतील. गाणी लागली की येतात," आई भाजी निवडत म्हणाली. उद्या हाच नमुना कंपनीत दाखवायचा होता. गळती दोनवर आली नाही, तर नोकरीवर पाणी सोडायचं. तिने स्क्रू फिरवला. सात, चार, दोन. खुर्ची गार पडली. "अगं, हे उठले वाटतं," आई म्हणाली. लेकीने स्क्रू उलटा फिरवला. "बसले. आवाज वाढव, यांना कमी ऐकू येतं."