तीन सूत

नृसिंह सुतारांनी मोडकी खुर्ची फरशीवर पालथी घातली आणि मागचा पाय धरून ओढला. पाय अलगद हातात आला. सांध्यात करंगळीएवढ्या दोन गोल खुंट्या होत्या. एक तुटली होती, दुसरी भोकातच सैल फिरत होती.

"ही कितवी?" त्यांनी विचारलं.

"चौथी," पूर्णिमा म्हणाली.

समोर सतरंजीवर तिची सोळा वर्षांची मुलगी क्रांती बसली होती. क्रांतीला बोलता येत नव्हतं. आनंद झाला की ती पुढंमागं झुलायची, अंगातल्या सगळ्या जोरानिशी. खालून भाजीवाल्याची हाक आली तरी तिला आनंद व्हायचा. राजारामपुरीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात कुठलीच खुर्ची सहा महिन्यांवर टिकली नव्हती. ही चौथी मोडली तेव्हा क्रांती मागं भिंतीवर आदळली होती. डोक्याचे टाके कालच काढले होते. तेव्हापासून ती कुठंही झुलायला लागली की पूर्णिमा हातातलं टाकून तिच्यामागं जाऊन उभी राहायची.

मुलीला बांधून ठेवा, असं खुर्चीच्या दुकानदारानं सुचवलं होतं, नात्यातल्या दोघीतिघींनीही. पूर्णिमानं पट्टा आणलाही होता. नव्या खुर्चीला तो अडकवायची सोय होईल का, असं तिनं खाली बघत विचारलं.

सुतारांनी क्रांतीला घरातल्या बाकावर बसवायला सांगितलं आणि स्वतः खाली मांडी घातली. तासभर ते नुसतं बघत होते. ती मागं गेली की जोर कुठं येतो, पुढं आली की कुठं.

"बांधायचं कशाला, ताई?" शेवटी ते म्हणाले. "हलू दे की तिला. सोसायचं काम खुर्चीचं हाय."

पूर्णिमा पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दहा दिवसांनी ती त्यांच्या दुकानात गेली, तेव्हा खुर्ची तयार नव्हती. सुतारांनी तिच्यापुढं सागवानाचा एक पाय ठेवला. तो उभा चिरला होता.

खुंट्यांऐवजी त्यांनी दोन्ही लाकडांत लांबट खाचा पाडून मधे एक सुटी चपटी पट्टी बसवायचं ठरवलं होतं. अशा पट्टीला सुतार कुसू म्हणतात. अर्धी पायात, अर्धी बैठकीच्या आडव्या लाकडात. पट्टी जितकी जाड तितका सांधा घट्ट, म्हणून त्यांनी नऊ सूत, म्हणजे इंचाहून जरा जास्त जाडीच्या लाकडात पाच सुताची पट्टी घातली. मग खुर्चीवर बसून, क्रांतीसारखं झुलून बघितलं. तिसऱ्या दिवशी पाय फुटला.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "पट्टीला जाडी दिली, पण बाजूच्या लाकडाला काय ठेवलंच न्हाई. दोन-दोन सुताच्या भिंती. त्या किती दम धरणार?"

लाकडाच्या जाडीचे तीन भाग करायचे आणि मधला पट्टीला द्यायचा, हे वडिलांनी शिकवलेलं ते विसरले होते. गेली वीस वर्षं ते प्लायची कपाटं स्क्रूनं जोडत होते. त्यात पट्टी लागायचीच नाही. नवी पट्टी तीन सुताची होणार होती. जाडी कमी केली तरी तिची रुंदी आणि खोली ते वाढवणार होते, म्हणजे सरस धरायला जागा भरपूर मिळणार होती.

त्यांनी तयार झालेली एक पट्टी खाचेत सरकवून दाखवली. हातोडी न लावता, नुसत्या अंगठ्याच्या दाबानं ती आत गेली. ठोकून बसवली तर सगळा सरस बाहेर येतो, ढिली राहिली तर तो धरत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग ती परत काढून पूर्णिमाच्या हातात दिली. तिनंही ती बसवून बघितली.

"अजून पंधरा दिवस द्या मला," ते म्हणाले.

पंधरा दिवसांचे वीस झाले. एकविसाव्या दिवशी सकाळी सुतार खुर्ची खांद्यावर घेऊन दोन जिने चढून आले. त्यांनी ती खिडकीपाशी ठेवली, चारही पाय फरशीला टेकलेत का ते बघितलं आणि बाजूला झाले.

क्रांती बसली. आधी तिनं खुर्चीच्या हातांवर तळवे फिरवले. मग हळूहळू झुलायला लागली. खालच्या रस्त्यावर कुणीतरी रिक्षाचा भोंगा जोरात वाजवला आणि ती खुदकन हसून जोरजोरात झुलू लागली. सुतार गुडघ्यावर बसले आणि त्यांनी मागच्या सांध्याला कान लावला. बराच वेळ तसेच राहिले.

"काय म्हणतोय?" पूर्णिमानं विचारलं.

"काय बी न्हाई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

पूर्णिमाला काहीतरी बोलायचं होतं. मनात जुळवलेलं तिला आठवेना, म्हणून मामा, तुमचे उपकार, एवढंच तोंडातून निघालं. सुतारांनी तिला पुढं बोलू दिलं नाही.

"उपकार कसले, ताई? लाकडात लाकूड घालून करायचं काम इतक्या वर्षांत कुणी दिलंच न्हाई. तुम्ही दिलंसा. हात अजून चालत्यात, हे मला बी कळलं."

मग ते चहाला थांबले. पूर्णिमानं दोन कप आणले आणि ती त्यांच्यासमोर बसली, खिडकीकडं पाठ करून. वडील कसे शिकवायचे ते सुतार सांगत होते आणि ती ऐकत होती. तिच्या मागं क्रांती झुलत होती.

पूर्णिमानं कप तोंडाला लावला. चहा गरम होता. इतका गरम चहा प्यायची तिला सवयच राहिली नव्हती.