आधी तुमचं रक्त

"आमी रक्त देत न्हाई," लालासाहेब म्हणाले आणि अडकित्त्यात सुपारी धरली. "चहा घ्या आन् साताऱ्याची गाडी धरा."

नूरीनला रागच आला. डॉक्टर संयोगितांच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. रहिमतपूरची पोरगी, जिभेला हाड नाही. एवढी मोठी बाई कुंडलला आपण होऊन आली आणि हा म्हातारा असा? पण बाईंनी डोळ्यांनीच दटावलं.

बाईंचा उभा जन्म एका रोगामागे गेला होता. आपल्या पेशींत कचरा जिरवणाऱ्या इवल्या पिशव्या असतात, लायसोसोम म्हणतात त्यांना. त्यांचं काम अडलं की कचरा साचत जातो, गल्लीत घंटागाडी येईनाशी झाल्यावर साचतो तसा. मग बसायला लागलेलं बाळ मान टाकतं, नजर जाते आणि शाळेत जायच्या आधीच संपतं. पुण्यात, पुढं परदेशात शिकून बाई साताऱ्याला परतल्या. या भागातल्या घराघरांत फिरणारा दोष त्यांनीच शोधून काढला. संसार काही केला नाही. याच रोगामागे का लागलात, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "कुणीतरी लागायला हवंच की."

आता लालासाहेबांची लेक शिवांजली त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या घरी द्यायची होती. नवरा मुलगा यशराज फौजेत, सुट्टीवर आलेला. दोघांचं एकमेकांवर मन होतं.

"दोष एकाच्याच अंगात असला तर काही बिघडत नाही," बाई म्हणाल्या. "दोघांच्याही असला, तर त्यांना काही होत नाही, पण मूल हातचं जाऊ शकतं. तुमच्या आजोळी एक मूल असंच गेलंय."

"शंभू." अडकित्ता थांबला. "माज्या मामाचं पोरगं. माज्या मांडीवर खेळलंय ते. मला नगा सांगू."

"मग तपासून घ्या. उगाच भीती तरी जाईल."

"आन् दोष निगाला तर? मामाच्या पोरीवर भाच्याचा पयला हक्क. आमच्यात चालत आलंय. हक्क मोडला की मानसाचं काय हुतं, ते मशीनला काय कळतंय?"

लालासाहेबांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी चहा आणून ठेवला. डॉक्टरकडे त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या आणि आत गेल्या.

दारामागून शिवांजली पुढे आली. "आबा, मी देणार रक्त. यश पण तयार हाय. उद्या माझ्या मांडीवरचं लेकरू गेलं, तर तुमी काय करणार?"

लालासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. पोरीपुढे त्यांचं काही चालत नसावं.

"बरं. पन एक अट हाय," ते अखेर म्हणाले. "आदी तुमचं रक्त काडा, बाई. दुसऱ्याला ज्ञान सांगताय नव्हं?"

नूरीनला हसू फुटलं. "आबा, बाईंचं कशाला?" पण वळून पाहते तर बाईंचा चेहरा पांढराफटक.

"काढ," बाई म्हणाल्या आणि पदर सारून हात पुढे केला. गावोगाव लोकांना "मुंगी चावल्यासारखं होतं हो" म्हणून सांगणाऱ्या बाईंनी सुई टोचताना डोळे गच्च मिटून घेतले. नूरीनला मोठी गंमत वाटली. डॉक्टर असून सुईला भितात!

मग पोरांचं रक्त झालं.

निकाल ऐकायला लालासाहेब साताऱ्याला एकटेच आले. धुतलेला फेटा बांधला होता.

"पोरांच्या रक्तात दोष नाही," बाई म्हणाल्या. "दोघांच्याही. बार उडवून द्या खुशाल."

लालासाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. नूरीनचाही जीव भांड्यात पडला. "आबा, आता कंदी पेढे हवेत हं! असं सोडायची नाही मी तुम्हाला."

"आणतो की, पोरी. लय आणतो." पण ते उठले नाहीत. फेट्याच्या शेवानं डोळे टिपले आणि बाईंकडे पाहिलं.

"आन् शंभूच्या बहिणीचं काय निगालं?"

नूरीन गोंधळली. शंभूची बहीण कोण? असं कुणाचं रक्त तर आलंच नव्हतं. पण बाईंना विचारायचा धीर तिला झाला नाही. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तिच्याही रक्तात काही नाही."

लालासाहेब टेबलाला धरून उठले.

"मंग तवा आपलं लगीन कशापायी मोडलंस गं, संयू?"