पूर्ण आवाजात

गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये हेमंतने होम थिएटर बसवलं आणि स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या रिसिव्हरचं इम्पिडन्स, म्हणजे विद्युतरोधाचं, सेटिंग चार ओहमवर ठेवायचं की आठवर, यावरून ऑडिओवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण पेटलं. चारवर रिसिव्हर थंड राहतो, पण आवाजात दम राहत नाही, असं हेमंतचं म्हणणं. "आठवर ठेवून पूर्ण आवाजात लावा, तापून बंदच पडेल," असं ग्रुपमधल्या जोगळेकरांनी सगळ्यांदेखत सुनावलं. हेमंतने हट्टाने आठ ठेवलं. पण आवाज जरा वाढवला की खालच्या मजल्यावरचे काका दारात हजर! त्यामुळे खरं कोणाचं, हे काही ठरेना.

फेब्रुवारीत दिंडोरीहून धाकटा भाऊ गोरख आला. "दादा, द्राक्षात साखर भरली अन् पाखरं तुटून पडलीत. डबे बडवून हात भरून आले. तुझं हे मशीन थोडे दिवस दे ना."

हेमंत इतक्या पटकन हो म्हणाला की गोरखच चपापला. अट एकच होती, सेटिंगला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी बागेतल्या शेडमधून ससाण्याचा रेकॉर्ड केलेला आवाज घुमू लागला. संध्याकाळी हेमंतने गोरखला फोन लावला.

"मधेच बंद पडलं का रे?"

"नाय दादा. सकाळपासून फुल आवाजात चालू हाय. बागेत एक पाखरू दिसत नाय!"

हेमंतने लगेच ग्रुपवर लिहिलं, "आठच बरोबर. दिवसभर पूर्ण आवाजात लावलं. ऐकणारा एकही जागेवर बसू शकला नाही."