उंबऱ्यावरची ज्वारी

"थांबा. इथं बघा, वाकली."

सुदर्शन देशमुखांनी कॅमेऱ्याचं चित्रण थांबवलं. रविवारी क्लबहाउसमध्ये जमलेली वीसेक माणसं खुर्च्यांसकट पुढं सरकली. पडद्यावर हिरव्या लुगड्यातली एक बाई तनुजाच्या बंद दारापुढं वाकलेली होती. पदर पार नाकापर्यंत ओढलेला. हातात फडक्यानं झाकलेलं ताट. वार गुरुवार, वेळ सकाळी अकराची.

त्या वेळी या बासष्ट बंगल्यांत असणार कोण? निम्मे शेंद्र्याच्या, निम्मे वाळूजच्या कारखान्यांत, मुलं शाळेत. चोराला याहून चांगला मुहूर्त सापडणार नाही.

बाई एकेक दार करत सगळी वसाहत फिरली होती. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलेल्या प्रत्येकाला आपापल्या उंबऱ्यावर एकच गोष्ट सापडली. चिमूटभर ज्वारी, हळदीनं पिवळी केलेली, मधूनमधून लाल. झोपेपर्यंत ग्रुपवर दोनशे मेसेज पडले. कुणी म्हणालं भानामती. कुणी म्हणालं चोरांची खूण, दाणे जागेवर राहिले की घर रिकामं. दुसरं जास्त लोकांना पटलं. इंजिनिअर मंडळींना तेच शोभत होतं.

"तांदूळ असते तर पूजाबिजा म्हटलं असतं," पुण्याहून बदलून आलेली प्रेरणा म्हणाली. "पण ज्वारी? ज्वारी कुणी रंगवतं का?"

"हमारे दरवाजे पे भी डाले," शेख मॅडम म्हणाल्या. "मैंने झाडू से निकाल दिए. हात नै लगाई."

"म्हणजे जातधर्म काही बघितलेला नाही," सुदर्शन गंभीरपणे म्हणाले. "सगळ्यांवरच डोळा आहे."

खरा प्रश्न त्या बाईचा नव्हताच. तिला आत सोडलं कुणी? गेटवर कडुबा होता, नऊ वर्षांचा जुना वॉचमन. त्यानं स्वतः फाटक उघडलेलं कॅमेऱ्यात दिसत होतं. रजिस्टरात मात्र तिची नोंद नव्हती. आणि शुक्रवारपासून हा गडी रजेवर. कारण, घरगुती काम. दोन दिवस फोन उचलत नव्हता.

मग एकेकाला आठवायला लागलं. गेला आठवडाभर तो प्रत्येक गाडीशी वाकून आत बघत होता, तोंडानं काहीतरी पुटपुटत. एसी चालू, काच वर. सगळ्यांनी नुसता हात केला होता. सुदर्शनना त्यानं इंटरकॉमवर विचारलं होतं, रविवारी मोकळेच असता ना?

"मी ऑनलाइन मीटिंगमध्ये होतो. हो म्हणालो आणि ठेवून दिला."

नायरांच्या स्वयंपाकाच्या बाईकडून तर त्यानं घरात माणसं किती हेही काढून घेतलं होतं.

सोसायटीची सेक्रेटरी तनुजा. कागदपत्रं तिच्याकडं. तिची सात वर्षांची संस्कृती चारला स्कूलबसमधून उतरायची आणि आई येईपर्यंत कडुबाच्या केबिनमध्ये बसून चित्रं काढायची. आजवर तनुजाला याचं बरंच वाटत आलं होतं.

"बुधवारी संस्कृती सांगत होती," ती हळूच म्हणाली, "की कडुबाकाकांनी विचारलं, तू तिखट खातेस का."

तेव्हा ती या वाक्याला हसली होती. आता हसू येईना.

"झालं तर मग," सुदर्शन म्हणाले.

वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला पाठवायचा मेल तनुजाच्या फोनवर तयारच होता. उद्यापासून कडुबा इथं नको, आणि त्याला दुसऱ्या कुठल्या गेटवरही ठेवू नका. तनुजाचा अंगठा क्षणभर घुटमळला. नऊ वर्षांत त्यानं तिच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, दिवाळीची मिठाईसुद्धा देईल तेवढीच घ्यायचा. इतकं सरळ माणूस असतं का कुठं? आता हेही संशयाचंच वाटलं.

तिनं मेल पाठवून दिला.

आणि हातातला फोन वाजला. कडुबा. सुदर्शननी खूण केली, स्पीकरवर टाका, बोलतं ठेवा. पलीकडं कसला तरी कल्लोळ ऐकू येत होता.

"कडुबा, कुठं आहेस तू?" तनुजानं आवाज करडा केला.

"गावीच की, देवगावला! तुमी कुठवर आलाय, मॅडम? लगीन लागून अर्धा तास झाला."

"कुणाचं लग्न?"

"असं काय करता? आमच्या पोरीचं, अमृताचं! म्या समद्या गाड्यांपाशी सांगितलं, तुमी हात केला. आमची कारभारीण आशा घरोघर अक्षत द्यायला आली, तर सगळी घरं बंद. मग उंबऱ्यावर ठेवली. आमच्याकडं ज्वारीचीच असती." तो धापा टाकत हसला. "हळदीच्या गडबडीत फोनच घावंना. आत्ता घावला."

शेख मॅडमनी ओढणी तोंडाला लावली. सुदर्शन लॅपटॉपकडं बघत राहिले. पडद्यावरची बाई अजून वाकलेलीच होती.

"सायेब व्हय म्हनले, म्हनून पहिली पंगत तुमची धरलीय," कडुबा मोठ्यानं सांगत होता. "नवरदेवाकडच्यांलाबी बसू दिलं नाय अजून. लौकर या. अन् संस्कृतीला तिखट चालत नाय ना, तिचं वरण वायलं काढून झाकून ठेवलंय."