ड्रॉवरमधले नऊ नग

लेथ मशीनवर माझ्या हातून नग बिघडला की मला काम शिकवणारे खोत सर तो कागदात गुंडाळून आपल्या ड्रॉवरमध्ये टाकत आणि कुलूप लावत. रागावत नसत. दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा गोडीने समजावत. मला ते गोड बोलणंही खटकायचं.

कॉलेजने वर्षभरासाठी कारखान्यात पाठवलेली मी एकटीच. शेजारच्या मशीनवरच्या सुनंदाताई म्हणाल्या, "पुरावे जमवतोय गं तो. कॉलेजवाले आले की तुझी वाट लावणार." त्यानंतर बिघडलेले दोन नग मी डब्यात लपवून घरी नेले.

सहा महिन्यांनी आमचे प्राध्यापक पाहणीला आले. खोत सरांनी कुलूप काढून माझे नऊ नग टेबलावर मांडले. प्रत्येकाला चिठ्ठी होती.

प्राध्यापकांनी वाचलं, "बारा ऑगस्ट. टूल बदललं की माप पुन्हा घ्यायचं, हे मी तिला सांगितलं नव्हतं." दुसरी उचलली. "तीन सप्टेंबर. घाईचं काम दिलं आणि मी शेजारी थांबलो नाही."

सगळ्या तशाच.

खोत सर माझ्याकडे वळले. "बिघडले अकरा होते, पोरी. त्या दोनांत माझं काय चुकलं, ते मला कसं कळणार?"